चौथ्या तासानंतर

कागदोपत्री पाहिलं तर मी जपानमध्ये इंग्रजीची शिक्षिका होऊच शकत नव्हते. परदेशातून इथल्या शाळेत भाषा शिकवायला येणाऱ्यांना जो शिक्षकाचा व्हिसा मिळतो, त्याची एक अट आहे: त्या भाषेच्या माध्यमातून तुमचं किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं. माझी शाळा चिपळूणजवळच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. पुढे इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. केलं, बी.एड. केलं, पुण्यात बरीच वर्षं शिकवलंही. पण कशीही बेरीज केली तरी ती वर्षं १२ होत नाहीत.

मी आले ती नवऱ्याबरोबर. तो गाड्यांच्या क्षेत्रातला इंजिनियर, त्याची बदली हामामात्सुला झाली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही इथे घर मांडलं. कुटुंबीय म्हणून राहणाऱ्याला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. प्राथमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला मदतनीस शिक्षक हवेत असं कळलं, मी अर्ज केला आणि दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा सप्टेंबरमध्ये बूट कपाटात ठेवून, शाळेतल्या चपला पायात घालून कामाला उभी राहिले.

हामामात्सु हे तोक्यो आणि ओसाका यांच्या साधारण मधलं शहर. सुझुकीचं मुख्यालय इथलं, यामाहा आणि कावाईचे पियानो इथले. भारतातून आले म्हटल्यावर इथला माणूस आधी मारुती-सुझुकीचं नाव काढतो, मग करीचं. दक्षिणेला समुद्र आणि वाळूच्या टेकड्या, पश्चिमेला हामाना सरोवर, उत्तरेला चहाचे मळे आणि त्यापलीकडे देवदाराने भरलेले डोंगर. हिवाळ्यात इथे बर्फ क्वचितच पडतो, पण कोरडा वारा असा सुटतो की सायकल चढावर नसतानाही उतरून ढकलावी लागते. आणि हे शहर ब्राझिलियन लोकांचंही आहे. १९९० मध्ये कायदा बदलला आणि कधीकाळी ब्राझीलला गेलेल्या जपानी लोकांच्या मुलानातवंडांना इथे येऊन काम करायची वाट मोकळी झाली. ती माणसं कारखान्यांत आली, स्थिरावली. त्यांची मुलं आज माझ्या वर्गात आहेत.

जपानी शाळांत परदेशी मदतनीस शिक्षकांची जी पद्धत आज सगळीकडे दिसते, तिला मोठं रूप आलं १९८७ साली. सरकारने एक योजना काढली, तिच्या पहिल्या तुकडीत चार देशांतून ८४८ तरुण आले. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. पुढे देश वाढले, योजनेबाहेरूनही लोक येऊ लागले, पण ‘इंग्रजीचे परदेशी सर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा चेहरा अजून बराचसा त्या चार देशांतलाच राहिला आहे. पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात शिरले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, अमेरिका? मी भिंतीवरच्या नकाशावर भारत दाखवला आणि मग हामामात्सु. मधलं अंतर एका मुलाने पट्टीने मोजलं.

माझं काम वर्गशिक्षकांच्या शेजारी उभं राहण्याचं. इथे प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकच जवळजवळ सगळे विषय शिकवतात आणि इंग्रजीही पुष्कळदा त्यांच्याच गळ्यात पडतं. २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीची नुसती ओळख होती. २०२० पासून तो गुण असलेला विषय झाला, वर्षाला ७० तास, आणि ओळखीचे ३५ तास तिसरी-चौथीकडे सरकले. ज्या बाईंनी गणित, भाषा आणि पोहणं शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यांना एके दिवशी इंग्रजीचं पुस्तक हातात मिळालं. त्या माझ्याआधी अर्धा तास येऊन आजची वाक्यं पुटपुटत बसलेल्या असतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. मुलांसमोर स्वतःला न येणारी भाषा बोलायची रोज तयारी ठेवणं ही सोपी गोष्ट नव्हे.

तास ४५ मिनिटांचा. सगळे उभे राहतात, वाकून नमस्कार करतात. मी विचारते, कसे आहात? ३० गळे एका सुरात उत्तर देतात: मी बरा आहे, आभारी आहे, आणि आपण? हा सूर मी ओळखते. आमच्या शाळेत बाई वर्गात आल्या की आम्हीही असाच एका दमात, एका चालीत गुड मॉर्निंग म्हणायचो, आणि बसा म्हणेपर्यंत कुणाच्या मनात त्याचा अर्थ उमटायचा नाही. मग चित्रांचे पत्ते, गाणं, पुनरुच्चार. मी म्हणायचं, त्यांनी म्हणायचं. एकसुरात सगळं चांगलं चालतं. पण एकाकडे वळून, त्याचं नाव घेऊन विचारलं, की शांतता पसरते. मूल शेजारच्याकडे बघतं, शेजारचा पुस्तकाकडे. माहीत नसतं असं नाही. उत्तर ओठांपर्यंत आलेलं असतं. ते बरोबरच आहे याची खात्री पटेपर्यंत मूल तोंड उघडत नाही.

माझ्याबरोबरचे काही परदेशी शिक्षक या शांततेने वैतागतात. मला ती परकी वाटत नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली, तोवर मी त्या वयातून पुढे गेले होते. म्हणजे मी ज्या इयत्तेत एबीसीडी गिरवली, नेमक्या त्याच इयत्तेत ही मुलं गुणांसाठी इंग्रजी शिकू लागतात. बालभारतीच्या पुस्तकात मी प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवत असे, बाईंना दिसू नये म्हणून अगदी फिकट. पाचवीच्या वर्गात रांगांमधून फिरताना पुस्तकांवर नजर गेली, तर इथेही प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक कातकाना, म्हणजे परके शब्द लिहायची जपानी लिपी. तसाच फिकट पेन्सिलीचा हात आणि मी जवळ गेले की पानावर पसरणारा तळवा. मी खिशातली पेन्सिल काढली आणि एका मुलीच्या वहीत एका इंग्रजी शब्दावर देवनागरी अक्षरं काढून दाखवली. मी लहानपणी असं लिहायचे, असं सांगितलं. मुलगी बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिली. मग तळवा उचलला.

मला वाटतं, १२ वर्षांच्या त्या अटीत हीच गोष्ट मोजायची राहून गेली आहे. ज्याला भाषा जन्मतः मिळाली त्याच्याकडे उच्चार असतो, ओघ असतो, आणि तो मुलांच्या कानावर पडायलाच हवा. पण ज्याने ती भाषा दहाव्या-अकराव्या वर्षी भीत भीत शिकली, त्याला मूल कुठे अडलंय ते न सांगता कळतं. शाळेला दोन्ही हवेत.

मी आले तो काळ आणखी वेगळा होता. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात हे दाखवायचं तर तोंड दिसायला हवं. मी कागदावर ओठांची चित्रं काढून न्यायची. मुलं काय म्हणतायत ते कापडामागून अर्धंमुर्धं ऐकू यायचं. आणि चौथ्या तासानंतर जेवण, तेही मुकं.

शाळेतलं जेवण ही इथली मोठी गोष्ट आहे. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी १८८९ मध्ये एका देवळातल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं देऊन ही पद्धत सुरू झाली असं सांगतात, आणि १९५४ पासून तिला कायद्याचा आधार आहे. डबा नाही, खानावळ नाही. पांढरे डगले आणि टोप्या घातलेली पाचसहा मुलं भांड्यांची गाडी ढकलत आणतात. सूपाचं पातेलं दोघं मिळून उचलतात. वाढणारा प्रत्येक वाटीत सारखंच पडलंय ना हे डोळे बारीक करून बघतो. भात, सूप, मासा किंवा मांसाचा एखादा प्रकार, भाजी, आणि दूध रोजच. शिक्षक त्याच वर्गात, तेच जेवतात. मी कोकणातली, त्यामुळे सगळ्यात माशाचा अर्क असतो याची मला अडचण नाही. शाकाहारी मैत्रिणीला मात्र रोज घरून डबा न्यावा लागतो.

एरवी मुलं बाकं एकमेकांकडे वळवून गट करून जेवत. साथ आल्यापासून सगळी बाकं फळ्याकडे तोंड करून, आणि जेवताना बोलायचं नाही. मी समोर शिक्षकांच्या टेबलाशी बसायची. ध्वनिक्षेपकावर संगीत, चमच्यांचा आवाज, आणि ३० मुलं माझ्या पलीकडच्या रिकाम्या फळ्याकडे बघत खातायत. सात-आठ वर्षांची मुलं हे इतकं बिनतक्रार पाळत होती की मला गलबलून यायचं.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर सरकारच्या धोरणातून गुपचूप जेवण्याचा उल्लेख निघाला आणि योग्य काळजी घेऊन मुलांना बोलू द्यायला हरकत नाही असं शिक्षण मंत्रालयाने कळवलं. लगेच काही गजबजाट झाला नाही. मुलांची सवय मोडायला हिवाळा गेला. पुढच्या एप्रिलपासून शाळेत मास्कही लागेनासा झाला, बाकं पुन्हा वळली, आणि मी माझं ताट उचलून रोज वेगळ्या गटात जाऊन बसू लागले.

तेव्हा मला कळलं की वर्गात मी ज्याची वाट बघत होते ते इथे आहे.

पहिला प्रश्न अर्थातच करीचा. रोज खाता का? मग एक मुलगा, वर्गात कधीही हात वर न करणारा, बोटाने हवेत आकडे काढत म्हणाला, नाइन्टीन, नाइन्टीन? भारतीयांना १९ पर्यंतचे पाढे पाठ असतात ही गोष्ट इथे घरोघरी ठाऊक आहे. मी तीनशे एकसष्ट म्हणाले. त्याने जेवण सोडून टॅब्लेटवर ताडून पाहिलं. आम्हाला तीसपर्यंत पाठ करावे लागायचे असं सांगितल्यावर तो गट आठवडाभर मला गणितं घालत होता, आणि इंग्रजीतले आकडे, जे आम्ही तासाला गाण्यात घोळवून घोळवून थकलो होतो, ते मुलांनी आपण होऊन शंभराच्या पुढे नेले. मला हरवायचं तर त्यांना ते म्हणता येणं भाग होतं.

उरलेल्या पदार्थासाठी जान्केन होतो, म्हणजे दगड-कात्री-कागद. एखाद्या बुधवारी फळांची जेली उरलेली असते, दहा मुलं उभी राहतात. मी तिथे असले तर इंग्रजीत खेळायचं असा नियम मुलांनीच केला.

त्या गटात एक ब्राझिलियन घरातला मुलगा होता. घरी पोर्तुगीज, शाळेत जपानी, आणि दोन्हींत कुठे कुठे ठेचकाळणारा. जपानीच्या तासाला तो मान खाली घालून बसे. इंग्रजीत मात्र सगळ्यांच्या आधी तोच तोंड उघडी. तोडक्यामोडक्या शब्दांत काम भागवायची त्याला लहानपणापासून सवय होती. शब्द नसला तर हात, हात कमी पडला तर वहीत चित्र. बाकीची मुलं वाक्य पुरं होण्याची वाट बघत, तो वाट बघत नसे. हळूहळू शेजारचे त्याच्यासारखं करू लागले. माझ्याकडून ते हे शिकले नसते. एका वर्गमित्राला रोज डोळ्यांसमोर चुकताना आणि तरीही पाहिजे ते मिळवताना त्यांनी पाहिलं.

जेवणानंतर मधली सुट्टी, मग सफाई. शाळेत झाडू-पुसायला वेगळा माणूस नाही. ठरलेलं संगीत लागतं आणि वर्ग, जिने, संडास, सगळं मुलं आणि शिक्षक मिळून साफ करतात. मुख्याध्यापक प्रवेशदारापाशी वाकून झाडत असतात. प्रत्येक मुलाकडे घरून आणलेलं फडकं असतं, जुना टॉवेल दुमडून चारी कडांना आणि मधून फुलीसारखी टीप मारलेलं. ते पिळायचं कसं हेही ठरलेलं: एक हात पुढे, एक मागे, उभं धरून, म्हणजे ताकद नीट लागते. मला ते सहावीच्या मुलींनी शिकवलं. मग ओणवं होऊन दोन्ही तळवे फडक्यावर टेकवायचे आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाच्या रेषांच्या दिशेने पळत जायचं. गुडघे टेकवायचे नाहीत. माझा दम पहिल्या फेरीतच जाई, मुलं तीन तीन फेऱ्या मारत.

तिथे एकदा एका मुलीने मला प्रश्न विचारला. हीच ती पुस्तकावर तळवा पसरणारी, आता सहावीत गेलेली. आम्ही बादलीपाशी फडकी पिळत होतो. ती म्हणाली, टीचर, इंडिया, स्कूल, क्लीनिंग, हू?

परीक्षेत या वाक्याला गुण मिळाले नसते. मला त्यात कमी काही दिसलं नाही. मी सांगितलं, मोठ्या शाळांमध्ये शिपाई. माझ्या शाळेत, मुली. वर्ग झाडायच्या पाळ्या आम्हा मुलींच्याच असत. तिने फडकं बादलीत तसंच सोडलं. ओन्ली गर्ल्स? मी हो म्हटलं. व्हाय?

मला उत्तर नव्हतं, म्हणजे इंग्रजीत नव्हतं असं नाही, कुठल्याच भाषेत नव्हतं. मी एवढंच म्हणाले की आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. तेवढ्यात संगीत थांबलं, सफाई संपली, पाचव्या तासाची घाई झाली.

त्या रविवारी आईशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. आईला आधी भलताच मुद्दा टोचला. “अगं, शिकवायला गेलीस ना? मग लादी कशाला पुसतेस?” म्हटलं, “इथे सगळेच पुसतात गं, मुख्याध्यापकसुद्धा.” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आम्ही दर शनिवारी शाळा शेणाने सारवायचो. नदीवरून पाणी आणायचं, शेण गोळा करायचं. हात दिवसभर वास मारायचे.” मी विचारलं, मुलगे? “ते पटांगणात,” आई म्हणाली. “त्यांना कोण सांगणार?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण पुढे ती अर्धा तास त्याच शाळेबद्दल बोलत राहिली, जे मी तिच्या तोंडून याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

सोमवारी मी त्या मुलीला शोधून सांगितलं. माय मदर, टू. शेणाचं सांगताना मला चित्र काढावं लागलं, गाय, जमीन, हात. तिने नाक मुरडलं नाही. विचारलं, वॉर्म? गरम असतं का? मी म्हटलं, ताजं असेल तर, हो. तिच्या शेजारची दुसरी मुलगी, जी तोवर फक्त ऐकत होती, तिने पुढचा प्रश्न घातला. मग तिसरीने. सफाई मागे पडली म्हणून बाईंनी आम्हा सगळ्यांनाच हटकलं.

मुलांना प्राथमिक शाळा संपेपर्यंत ६०० ते ७०० इंग्रजी शब्द यावेत असं अभ्यासक्रम सांगतो. शब्द येतात, मुलं कष्टाळू आहेत. पण तासाला आपण त्यांना ज्या गोष्टी विचारायला लावतो त्यांची उत्तरं त्यांना आधीच ठाऊक असतात. तुझा वाढदिवस कधी? पहिलीपासून एका वर्गात असलेल्या मित्राला हे विचारायचं, आणि तेही परक्या भाषेत. मूल मग नाटकातलं वाक्य म्हणावं तसं म्हणतं आणि बसतं. बादलीपाशी मात्र तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं आणि सांगणारी मी एकटीच होते.

तासालाही हे जमतं, नाही असं नाही. सहावीला आपल्या गावाची ओळख करून देण्याचा धडा असतो. इथे ३ ते ५ मे या दिवसांत नाकाताजिमाच्या वाळूवर दीडशेहून अधिक वस्त्यांचे प्रचंड पतंग उडतात, घरात पहिलं मूल जन्मलं की त्याच्या नावाचा पतंग चढतो, आणि मग वस्ती विरुद्ध वस्ती दोरखंडांची घासाघासी. तो धडा सुट्टीनंतरच्या आठवड्यात घ्यावा असं मी सुचवलं. मुलांचे घसे आरोळ्यांनी बसलेले होते. मला काहीच माहीत नाही असं सगळे धरून चालले होते, आणि दोर कसा जळतो, घासल्यावर वास कसा येतो हे सांगायला शब्दकोश उघडत होते. स्मेल, फायर, रोप. त्या बसलेल्या आवाजात इंग्रजी फार छान वाटत होतं.

इथे एप्रिल म्हणजे सगळं नव्याने. मार्चअखेर शिक्षकांच्या बदल्या होतात, याद्या वर्तमानपत्रात येतात, अर्धी शिक्षकखोली रिकामी होते आणि आठवड्याभरात भरते. मदतनीसांची नावं त्या यादीत नसतात. आमचा करार वर्षाचा, तो झाला की झाला. यंदा करार झाल्यावर मी उपमुख्याध्यापकांकडे एक विनंती घेऊन गेले. माझे तास सकाळी लागोपाठ लावलेले असायचे, म्हणजे मला दुपारी घरी जाता यावं. त्यांनी माझ्या सोयीसाठीच केलं होतं ते. मी म्हटलं, मला चौथा आणि पाचवा द्या, म्हणजे जेवण आणि सफाई मध्ये येईल.

त्यांनी गणकयंत्र काढलं. २८ तासांची मर्यादा ओलांडून चालत नाही, आणि शाळेला ते प्रकरण फार जपून हाताळावं लागतं. सकाळचा एक तास दुसऱ्या शाळेकडे गेला, गुरुवारची एक बैठक वगळली, आणि ते जमलं. जेवणाचे पैसे महिन्याच्या महिन्याला माझे मी भरते. कुठल्या दिवशी कुठल्या वर्गात जेवायचं याचा तक्ता त्यांनी स्वतः आखून माझ्या टेबलावर चिकटवला, आणि खाली एक ओळ लिहिली: सफाईला पश्चिमेकडचा जिना घ्यावा, तिथे मुलं कमी पडतात.